पासष्ट मेंढ्यांची पावती

इ. स. ६४३ च्या २५ एप्रिलला इजिप्तमधील हेराक्लिओपोलिस या गावी अब्दुल्ला बिन जाबिर नावाच्या अरब सेनानीने पासष्ट मेंढ्या ताब्यात घेतल्या आणि त्यांची रीतसर पावती लिहून दिली. ती पपायरसची पावती पुढे बाराशे वर्षे इजिप्तच्या कोरड्या मातीत टिकून राहिली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोहोचली, आणि आज व्हिएन्नातील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ५५८ या क्रमांकाखाली जपलेली आहे. तिचे छायाचित्र कोणालाही घरबसल्या पाहता येते. वरच्या भागात ग्रीक मजकूर आहे आणि खाली अरबी. दोन्हींची सुरुवात देवाच्या नावाने होते. ग्रीक भाग योहान्नेस नावाच्या ख्रिस्ती लेखनिकाने लिहिला आहे, जो चर्चमध्ये डीकनही होता. अरबी भाग इब्न हदीद या कारकुनाच्या हातचा आहे. ग्रीकमध्ये इजिप्शियन महिना आणि रोमन करवर्ष (पंधरा वर्षांच्या फेऱ्यातील क्रमांक) आहे, तर अरबीत ‘जुमादा-अल-उला, सन बावीस’ एवढेच आहे. हा सन कोणता, हे सांगण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटलेली नाही.

माझी उभी नोकरी हिशेबतपासणीत गेली, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांतील लढायांपेक्षा असले कागद मला लवकर आपलेसे वाटतात. या पावतीत तपासनिसाला हवे ते सगळे आहे. देणारे कोण, तर त्या तालुक्याचे महसुली प्रमुख क्रिस्तोफोरोस आणि थिओडोराकिओस. घेणारा कोण, तर अमीर अब्दुल्ला. कशासाठी, तर त्याच्या जहाजांवरील खलाशी, घोडेस्वार आणि चिलखती पायदळ यांच्या शिधासामग्रीसाठी. ग्रीक मजकुरात मेंढ्यांची संख्या आकड्यात देऊन पुन्हा अक्षरांत दिली आहे आणि ‘पासष्ट, अधिक नाही’ असे बजावले आहे. आपण धनादेशावर अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ ज्या धास्तीने लिहितो, तीच ही धास्ती. अरबी मजकुरात हीच संख्या पन्नास आणि वर पंधरा अशी फोडून दिली आहे. कागदाच्या पाठीवर ग्रीकमध्ये शेरा आहे, की नव्याने आलेल्या लोकांना दिलेल्या या मेंढ्या पहिल्या करवर्षाच्या करापोटी आगाऊ धराव्यात. एवढ्या एका शेऱ्याने ती लूट राहिली नाही, वसुली झाली. थिओडोराकिओसला त्यात कितपत समाधान वाटले असेल, हा प्रश्न वेगळा.

हा कागद लिहिला गेला तेव्हा शेवटचे रोमन सैन्य अलेक्झांड्रिया सोडून गेल्याला जेमतेम सात महिने झाले होते. पैगंबर मुहंमदांचे निधन ६३२ चे. त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत अरब सेनांनी सीरिया, पॅलेस्टाइन, इराक आणि इजिप्त घेतले होते, आणि ज्या समुद्राला रोमन ‘आपला समुद्र’ म्हणत त्याचा पूर्व आणि आग्नेय किनारा एका नव्या सत्तेकडे गेला होता. जगाच्या इतिहासात इतका मोठा पालट इतक्या थोड्या काळात क्वचितच घडला असेल. आणि त्या पालटाच्या ऐन मध्यावर बसून योहान्नेस, आदल्या वर्षी रोमन अधिकाऱ्यासाठी ज्या वळणाने पावती लिहिली असती त्याच वळणाने, नव्या मालकासाठी पावती लिहीत होता. आरंभीच्या इस्लामी प्रसाराविषयी जे काही मी वाचले, त्यात मला सर्वाधिक विचार करायला लावणारी गोष्ट हीच आहे. सैन्ये ज्या वेगाने धावली त्या वेगाने दफ्तर धावले नाही. आणि दफ्तर जेव्हा बदलले, तेव्हा त्याने जे केले ते कोणत्याही लढाईला करता आले नव्हते.

इजिप्तच्या दफ्तराला मालक बदलण्याची सवय होती. फारोंच्या काळापासून नाईलच्या पुराची उंची मोजायची, त्यावरून पिकाचा अंदाज बांधायचा आणि धान्य सरकारात जमा करायचे, हा क्रम चालत आला होता. इ. स. पूर्व ३३१ मध्ये सिकंदराने अलेक्झांड्रिया वसवल्यानंतर टॉलेमी घराण्याने त्याच यंत्रणेवर ग्रीक भाषेचा थर चढवला. इ. स. पूर्व ३० मध्ये क्लिओपात्राच्या अंतानंतर रोम आले, तरी कचेरीची भाषा ग्रीकच राहिली. लॅटिन सैन्यापुरती आणि कायद्यापुरती उरली. पुढे राजधानी कॉन्स्टँटिनोपलला गेली तेव्हा इजिप्तचे धान्यही तिकडे वळले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या एका आज्ञापत्रानुसार दरवर्षी ऐंशी लाख मापे धान्य अलेक्झांड्रियाच्या बंदरातून राजधानीला जायचे. भूमध्य समुद्राची जी एकात्मता आपण म्हणतो, ती मुख्यतः या गलबतांच्या पोटात होती. होमर आणि प्लेटो नंतर.

अरब आले तेव्हा हा डोलारा आतून पोखरलेला होता. ५४१ मध्ये प्लेगची साथ नाईलच्या मुखाजवळच्या पेलुसियम बंदरातून पसरली आणि पुढची दोनशे वर्षे तिच्या लाटा येत राहिल्या. ६०२ ते ६२८ या काळात रोमन आणि इराणी साम्राज्ये एकमेकांना इतकी झोडपत राहिली की दोघांच्याही तिजोऱ्या रिकाम्या झाल्या. ६१४ मध्ये जेरुसलेम इराण्यांकडे गेले, ६१९ मध्ये अलेक्झांड्रिया. आणि इजिप्तचे धान्य तुटू लागल्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या नागरिकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळणारी सरकारी भाकरी ६१८ मध्ये बंद करावी लागली. सम्राट हेराक्लियसने अखेर बाजी पलटवली आणि गेलेले प्रांत परत मिळवले, पण ते त्याच्याकडे दहा वर्षेही स्वस्थपणे राहिले नाहीत. ६३६ मध्ये यार्मुक नदीकाठी त्याच्या सैन्याचा मोड झाला. ६३९ च्या डिसेंबरात अरब सेनानी अम्र बिन अल-आस थोड्या फौजेनिशी सिनाई ओलांडून इजिप्तमध्ये शिरला आणि पहिले मोठे ठिकाण त्याने घेतले ते पेलुसियम, म्हणजे शतकापूर्वी प्लेग शिरला तेच दार. ६४१ च्या एप्रिलात आजच्या कैरोजवळचा बॅबिलोनचा किल्ला पडला. नोव्हेंबरात अलेक्झांड्रियाचा तह झाला. ६४२ च्या सप्टेंबरात रोमन सैन्याने शहर रिकामे केले.

या विजयाचे दोन सोपे वृत्तांत आपल्याकडेही फार चालतात. एकानुसार सगळे तलवारीने झाले, दुसऱ्यानुसार पिडलेल्या प्रजेने नव्या राज्यकर्त्यांचे हार घालून स्वागत केले. दुसऱ्या वृत्तांताला आधार म्हणून इजिप्तच्या कॉप्टिक चर्चचे उदाहरण दिले जाते. ४५१ च्या कॅल्सेडनच्या धर्मसभेपासून ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या वादात इजिप्तचे बहुसंख्य ख्रिस्ती सम्राटाच्या चर्चपासून दुरावले होते. त्यांचा पेट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, बेंजामिन हा सम्राटाने नेमलेल्या कायरसच्या छळामुळे दहा वर्षांहून अधिक काळ लपून राहत होता, आणि अम्रने अभय दिल्यावरच तो उघडपणे परतला. हे खरे आहे. पण त्याच चर्चचा एक बिशप, निकियूचा योहान, याने सातव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला इतिहास इथिओपियाच्या गीझ भाषेतील अनुवादाच्या रूपाने टिकला आहे, आणि त्यात निकियू गावात अरब सैन्याने केलेल्या कत्तलीचे वर्णन आहे. रस्त्यात आणि चर्चमध्ये जो सापडला त्याला मारले, पुरुष, स्त्रिया, मुले कोणालाही सोडले नाही, असे तो लिहितो. आणि तोच योहान पुढे असेही नोंदवतो की अम्रने ठरलेला कर वसूल केला, परंतु चर्चच्या मालमत्तेला हात लावला नाही. सम्राटाच्या पाखंडामुळे देवाने ही शिक्षा दिली, असे त्याचे मत होते. एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात या तिन्ही गोष्टी एकमेकींशेजारी बसलेल्या आहेत, आणि त्यांतली सोयीची तेवढी उचलणारे दोन्ही बाजूंना आहेत. मला त्या योहानाचा गोंधळ अधिक विश्वासार्ह वाटतो.

अम्रने राजधानी अलेक्झांड्रियात ठेवली नाही. खलिफा उमरला आपल्या आणि आपल्या सैन्याच्या मध्ये पाणी नको होते, असे परंपरा सांगते. त्यामुळे बॅबिलोनच्या किल्ल्याबाहेर फुस्तात नावाची छावणी वसली आणि पुढे तिचेच शहर झाले. त्याच सुमारास अम्रने नाईलपासून तांबड्या समुद्राकडे जाणारा, सम्राट ट्राजनच्या नावाने ओळखला जाणारा जुना गाळाने भरलेला कालवा मोकळा करून घेतला, आणि जे धान्य सहाशे वर्षे उत्तरेला समुद्रापार जात होते ते आता आग्नेयेला मदिनेच्या बंदराकडे जाऊ लागले. शेत तेच, माप तेच, मोजणारे हातही तेच. फक्त गलबताचे तोंड फिरले. प्राचीन भूमध्य जगाचा शेवट एका तारखेला दाखवायचाच असेल तर मी कोणत्याही लढाईपेक्षा या कालव्याकडे बोट दाखवीन.

समुद्राविषयीची उमरची ही धास्ती आपल्या ठाण्यापर्यंत पोहोचलेली आहे. नवव्या शतकातील इतिहासकार अल-बलाधुरी सांगतो की, उमरने बहारीन आणि ओमानचा कारभार ज्या उस्मान बिन अबी अल-आसकडे दिला होता, त्याने ६३६ च्या सुमारास परस्पर ‘ताना’वर आरमारी स्वारी धाडली. हे ताना म्हणजे ठाणे. स्वारी परतल्यावर त्याने खलिफाला कळवले, तेव्हा शाबासकी दूरच राहिली. उमरने उलट टपाली त्याला फैलावर घेतले, की तू लाकडावर किडा चढवून पाण्यात सोडलास, ही माणसे बुडाली असती तर तितकीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती. म्हणजे ज्या वर्षी यार्मुकच्या काठी सीरियाचा निकाल लागत होता, त्याच सुमारास कोकणच्या खाडीतही त्या घडामोडींची एक लाट येऊन गेली. आपल्या शालेय पुस्तकांत तिची नोंद मी पाहिली नाही.

उमरनंतर ती धास्ती सरली. सीरियाचा सुभेदार मुआवियाने ६४९ मध्ये सायप्रसवर आरमार नेले, आणि ६५५ मध्ये आशिया मायनरच्या किनाऱ्याजवळ झालेल्या, डोलकाठ्यांची लढाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रामात खुद्द सम्राट कॉन्स्टान्सच्या आरमाराचा पराभव झाला. वाळवंटातील लोकांनी दहा-पंधरा वर्षांत आरमार कसे उभे केले, याचे उत्तर पुन्हा दफ्तरातच आहे. अलेक्झांड्रियाच्या गोद्या, तिथले सुतार, भेगा बुजवणारे कारागीर आणि वल्ही मारणारे कॉप्टिक खलाशी जागेवरच होते. तालुक्यातालुक्यांतून माणसे, खिळे, दोर आणि शिधा मागवण्याची पद्धतही जागेवर होती. पद्धत रोमन होती, आणि आता ती रोमनांवरच चालली.

६६१ मध्ये मुआविया खलिफा झाला आणि त्याने राजधानी दमास्कसला नेली. हे शहर म्हणजे थरांवर थर. एकाच आवारात आधी अरामी लोकांच्या हदाद या पर्जन्यदेवाचे मंदिर होते, रोमनांनी तिथे ज्युपिटरचे भव्य देवालय बांधले, चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याच जागी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे चर्च झाले. मुआवियाच्या काळात ते चर्च चालू होते आणि मुसलमान त्याच आवारात नमाज पढत होते. त्याच्या महसुलाचा कारभार सरजून बिन मन्सूर या ख्रिस्ती गृहस्थाकडे होता, ज्याच्या वडिलांनी सम्राटासाठी हेच काम केले होते आणि परंपरेनुसार शहर अरबांच्या स्वाधीन करण्याची बोलणीही केली होती. सरजूनचाच वंशज पुढे जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात जाऊन दमास्कसचा संत योहान म्हणून प्रसिद्ध झाला, आणि बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन, सम्राटांनी धार्मिक चित्रे फोडण्याची मोहीम काढली तेव्हा त्या चित्रांच्या बाजूने त्याने ग्रीकमध्ये जे लिहिले ते सम्राटाच्या राज्यात राहून लिहिणे कठीणच गेले असते. खलिफाच्या राज्यात तो सुरक्षित होता. धर्माच्या सीमा आणि राज्याच्या सीमा त्या काळी अशा आडव्यातिडव्या होत्या.

या काळातला एक शिलालेख यार्मुकच्या खोऱ्यातल्या हम्मत गादेर इथल्या गरम झऱ्यांवर सापडला आहे, म्हणजे जिथे हेराक्लियसचे सैन्य बुडाले तिथून जवळच. रोमन काळापासून रुग्ण तिथे स्नानाला येत. ६६२ च्या डिसेंबरात त्या स्नानगृहाची डागडुजी झाली आणि त्याचा लेख ग्रीकमध्ये कोरला गेला. लेखाच्या आरंभी क्रूस आहे. मग, ‘देवाचा सेवक मुआविया, अमीर अल-मूमिनीन’ याच्या काळात हे काम झाले असे आहे, आणि ही अरबी पदवी ग्रीक अक्षरांत जशीच्या तशी लिहिली आहे. काम अरब सुभेदाराने करवले, देखरेख गदारा गावच्या योहान्नेसने केली, हेतू रुग्णांचे आरोग्य. काळ तीन प्रकारे मोजला आहे, जुन्या रोमन वसाहतीच्या शकाने, करवर्षाने, आणि ‘अरबांच्या मते वर्ष बेचाळीस’ असा. क्रूसाखाली श्रद्धावंतांच्या सेनापतीचे नाव कोरताना ना योहान्नेसला काही वावगे वाटले, ना मुआवियाच्या सुभेदाराला. आज कोणी असा फलक लावला तर सायंकाळपर्यंत दोन्हीकडचे मोर्चे येतील.

पण ही सरमिसळ कायमची टिकणार नव्हती, आणि तिला हात घातला तो खलिफा अब्द अल-मलिकने. ६८५ ते ७०५ ही त्याची कारकीर्द. त्यातली आरंभीची काही वर्षे मक्केत दुसरा खलिफा होता, आणि ते यादवी युद्ध निस्तरत असतानाच त्याने जेरुसलेममध्ये पूर्वीच्या ज्यू मंदिराच्या टेकडीवर खडकावरचा घुमट बांधला. त्यावर हिजरी ७२, म्हणजे इ. स. ६९१-९२ हे साल आहे. घुमटाखालची अष्टकोनी मांडणी आणि आतली सोनेरी कुट्टिमचित्रे (मोझेक) भूमध्य जगातील चर्चच्या परंपरेतलीच आहेत, वेली, फळे, रत्नजडित हार, मात्र माणूस किंवा प्राणी एकही नाही. आणि सुमारे दोनशे चाळीस मीटर लांबीच्या लेखात ग्रंथधारी लोकांना, म्हणजे ज्यू-ख्रिस्तींना, उद्देशून सांगितले आहे की येशू हा मरियमचा पुत्र आणि देवाचा प्रेषित आहे, तीन देव म्हणू नका. इस्लाम प्रथमच एवढ्या मोठ्या अक्षरांत, दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी, इमारतीवर बोलला.

नाण्यांची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. विजयानंतर पन्नासएक वर्षे सीरियात बायझंटाईन सोन्याची नाणी आणि त्यांच्या नकला चालत होत्या. त्या नाण्याच्या मागे पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा क्रूस असे. अब्द अल-मलिकच्या टांकसाळीने प्रथम काय केले, तर क्रूसाची आडवी पट्टी काढून टाकली. पायऱ्या तशाच, आणि वर नुसता खांब. मग काही वर्षे कमरेला तलवार लावलेल्या उभ्या खलिफाची आकृती आली. आणि ६९६-९७ मध्ये, हिजरी ७७ साली, सगळी चित्रेच गेली. नव्या दिनारवर दोन्ही बाजूंना फक्त अरबी अक्षरे, देव एकच असल्याची घोषणा आणि साल. वजनही बदलले, बायझंटाईन नाण्याच्या साडेचार ग्रॅमऐवजी सव्वाचार. या तीन अवस्थांची नाणी शेजारी ठेवून पाहिली की एखादी सत्ता हळूहळू स्वतःचा आवाज शोधते म्हणजे काय करते ते दिसते. क्रूसाची आडवी पट्टी काढणाऱ्या त्या कारागिराला पुढे काय यायचे आहे याची काहीच कल्पना नसणार. त्याला साचा दुरुस्त करायला सांगितला होता.

त्यानंतर पाळी आली दफ्तराची. सीरियातील हिशेब इ. स. ७०० च्या सुमारास ग्रीकमधून अरबीत आणण्याचा हुकूम झाला, आणि इजिप्तमध्ये त्यानंतर पाचसहा वर्षांनी. बलाधुरीने याचे दिलेले कारण असे, की एका ग्रीक कारकुनाला शाईत घालायला पाणी मिळाले नाही म्हणून त्याने दौतीत लघवी केली. हे खलिफाच्या कानावर गेले, त्याने त्या कारकुनाला शिक्षा केली आणि दफ्तराची भाषाच बदलली. कचेरीत आयुष्य काढलेला माणूस ही गोष्ट ऐकून हसेल, पण साम्राज्याच्या राजभाषेचा निर्णय दौतीवरून झाला यावर विश्वास ठेवणार नाही. खरे कारण उघड आहे. ज्या राजाला आपलेच जमाखर्च वाचता येत नाहीत तो कारकुनांच्या हातात असतो, आणि अब्द अल-मलिक कोणाच्या हातात राहणाऱ्यांपैकी नव्हता. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात फार्सी राजशब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला, त्यामागचीही जाण याच जातीची होती. बलाधुरी पुढे सांगतो, की बदल पुरा झाल्यावर सरजून खिन्न होऊन बाहेर पडला आणि ग्रीक कारकुनांना म्हणाला, पोटापाण्यासाठी आता दुसरा धंदा पाहा. ही गोष्ट मला दौतीच्या गोष्टीपेक्षा पटते. यार्मुकने जे केले नव्हते ते या हुकुमाने केले. आता नोकरीसाठी, बढतीसाठी, अर्ज लिहिण्यासाठी अरबी लागणार होती.

तरीही इजिप्तच्या खेड्यात ग्रीक लगेच मेली नाही. १९०१ मध्ये कोम इश्काव या गावी, जे पूर्वीचे अफ्रोदितो, पपायरसचा मोठा साठा सापडला. त्यात ७०९ ते ७१४ या काळातील इजिप्तचा सुभेदार कुर्रा बिन शरीक याची, तिथल्या बासिलिओस या महसुली प्रमुखाला पाठवलेली पत्रे आहेत, काही अरबीत, पुष्कळशी ग्रीकमध्ये, आणि सोबत कॉप्टिकमधील हमीपत्रे. वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिलेल्या तगाद्याच्या पत्रांचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. कराचा हप्ता का आला नाही, पत्र मिळताच पाठव, उशीर झाला तर परिणाम भोगशील. आरमारासाठी इतके खलाशी, इतके सुतार. आणि दमास्कसच्या मशिदीच्या आणि जेरुसलेमच्या बांधकामावर असलेल्या मजुरांची मजुरी आणि शिधा. म्हणजे खलिफा अल-वलीदने ७०६ मध्ये योहानाचे ते चर्च घेऊन त्या जागी जी मोठी मशीद उभारायला घेतली, तिच्यासाठी वरच्या इजिप्तमधील ख्रिस्ती खेड्याने घाम आणि पैसा पाठवला होता. त्या मशिदीच्या अंगणातील भिंतींवर नदी, झाडे आणि निर्मनुष्य महाल यांची सोनेरी चित्रे आजही आहेत. आणि तिच्या दक्षिण भिंतीत, रोमन काळातील जो तिहेरी दरवाजा पुढे बुजवला गेला, त्याच्या माथ्यावर चर्चच्या काळातील ग्रीक ओळ तशीच आहे, की हे ख्रिस्ता, तुझे राज्य सर्व युगांचे राज्य आहे. बांधणाऱ्यांनी ती पुसली नाही. ती ठेवण्यामागे सहिष्णुता होती की घडीव दगड वाया घालवायचा नव्हता, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

कुर्राच्या पत्रव्यवहारातील सर्वांत दुःखद भाग म्हणजे पळालेल्या माणसांचे कागद. डोईपट्टीचे, म्हणजे बिगर-मुसलमानांवरच्या माणशी कराचे, ओझे असह्य झाले की शेतकरी गाव सोडून पळत, आणि मग त्यांना आश्रय देणाऱ्यांना दंड, पकडून देणाऱ्यांना बक्षीस, परत पाठवायच्या माणसांच्या याद्या. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील परवानेही मिळाले आहेत, ज्यांत अमुक गावच्या अमुक माणसाला, त्याच्या चेहऱ्यावरच्या खुणांच्या वर्णनासह, कर भरण्यासाठी आणि पोट भरण्यासाठी अमुक महिने परजिल्ह्यात काम करू द्यावे असे लिहिलेले आहे. रोमन अमलातही शेतकरी पळत, त्यांच्याही याद्या आहेत. पण नव्या व्यवस्थेत एक गोष्ट वेगळी होती. आता एक दरवाजा असा होता की ज्यातून पलीकडे गेले तर डोईपट्टी सुटण्याची आशा होती, आणि तो दरवाजा धर्मांतराचा होता. श्रद्धेने गेलेले निश्चित असतील. माणसाच्या मनात काय चालते ते करवहीत उतरत नाही. मात्र उमय्या, म्हणजे मुआवियाच्या घराण्याचे, सुभेदार कित्येकदा नवमुसलमानांकडूनही कर वसूल करीत राहिले, कारण सगळेच पलीकडे गेले तर तिजोरी कोण भरणार, आणि त्यामुळे धर्मप्रसाराचा सर्वांत मोठा अडथळा काही वेळा खुद्द खलिफाचे महसूल खातेच ठरले.

बेल्जियमचे इतिहासकार आंरी पिरेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले होते की, प्राचीन भूमध्य जग जर्मन टोळ्यांनी मोडले नाही, ते अरबांच्या विजयाने दुभंगले. समुद्र सीमा झाला, आणि पश्चिम युरोप उत्तरेकडे वळला. त्यांच्या पुराव्यांत पपायरसही होता. गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) कचेऱ्यांतून तो नाहीसा झाला. या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती रास्तही आहे, कारण पश्चिमेतला व्यापार अरब येण्यापूर्वीच आटत चालला होता, आणि पोपची कचेरी तर अकराव्या शतकापर्यंत पपायरसवर आज्ञापत्रे लिहीत होती. पण पिरेन यांचा डोळा योग्य गोष्टीवर होता. ६९८ मध्ये कार्थेज पडले तेव्हा अरबांनी ते बंदर सोडून आत ट्यूनिस वाढवले, आणि त्याआधी ६७० मध्ये वसवलेल्या कैरवानच्या मशिदीत पुढे रोमन अवशेषांतले खांब ओळीने उभे राहिले. शहरांचा तोंडवळा किनाऱ्याकडून आतल्या वाटांकडे फिरला. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे म्हणाल, तर उमरच्या हुकुमावरून पुस्तके जाळून हमामखान्यांचे पाणी तापवले ही कथा विजयानंतर सहाशे वर्षांनी, तेराव्या शतकात, प्रथम नीट ऐकू येते आणि आजचे अभ्यासक ती मानत नाहीत. जाळण्यासारखे ग्रंथालय तोवर उरलेच नव्हते.

इजिप्तमध्ये मुसलमान बहुसंख्य व्हायला कित्येक शतके लागली. आठव्या आणि नवव्या शतकांत कॉप्टिक शेतकऱ्यांची करांविरुद्ध अनेक बंडे झाली. त्यांतले शेवटचे मोठे बंड नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बश्मूरच्या दलदलीत झाले, आणि ते मोडायला ८३२ मध्ये खलिफा अल-मामून स्वतः इजिप्तमध्ये आला. हाच तो अल-मामून, ज्याच्या दरबाराच्या आश्रयाने ग्रीक वैद्यक आणि ज्योतिष अरबीत येत होते. एका हाताने गेलनची भाषांतरे आणि दुसऱ्या हाताने बश्मूरची गावे, असा हा काळ आहे, आणि त्याचे कौतुक करणाऱ्यांनी दुसरा हातही पाहिलेला बरा.

भाषा मात्र धर्माच्या पुढे धावली. दहाव्या शतकात अश्मूनैनचा बिशप साविरुस बिन अल-मुकफ्फा ख्रिस्ती धर्मशास्त्र अरबीत लिहीत होता. त्याच्या नावावर असलेल्या अलेक्झांड्रियाच्या पेट्रिआर्कांच्या इतिहासाच्या प्रस्तावनेत म्हटले आहे की, मठांमध्ये मिळालेली ग्रीक आणि कॉप्टिक दफ्तरे अरबीत आणण्यासाठी जाणत्या बंधूंची मदत घ्यावी लागली, कारण इजिप्तमधील बहुतेक लोकांना त्या दोन्ही भाषा आता येत नाहीत. हे लोक म्हणजे त्याचे स्वतःचे श्रोते, चर्चमध्ये येणारे ख्रिस्ती. योहान्नेसच्या नंतर तीनशे वर्षांनी त्याच्याच धर्माच्या लोकांना त्याची पावती वाचून दाखवायला दुभाषी लागला असता, आणि वाचता आला असता तो इब्न हदीदचा खालचा भाग.